शून्यावरचे शिखर आणि त्याचे तोतये

२०१२च्या फेब्रुवारीअखेरीस अमेरिकेतल्या बोस्टन शहरात भौतिकशास्त्रज्ञांचे वार्षिक संमेलन भरले होते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाचे लिओ कौवेनहोवेन यांनी तिथे एक आलेख दाखवला. आडव्या अक्षावर व्होल्टेज, उभ्या अक्षावर वाहकता, आणि बरोबर मध्ये, जिथे व्होल्टेज शून्य होते तिथे, एक लहानसे शिखर. मायोराना नावाचा कण दिसला का, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर सावध होकाराचे होते. पुढची नऊ वर्षे शेकडो संशोधक या लहानशा उंचवट्याभोवती फिरत राहिले. एका मोठ्या कंपनीने त्यावर आपली संगणक योजना उभी केली, ‘नेचर’ने त्याच्या पुढच्या आवृत्तीला जागा दिली आणि नंतर ती मागे घेतली गेली.

शिखर खरे होते. मोजणारी उपकरणे चोख होती. प्रश्न होता तो शिखर कोणाचे, हा.

एत्तोरे मायोराना हा सिसिलीचा. १९०६ साली कातानियात जन्मलेला आणि रोममध्ये एन्रिको फर्मीच्या भोवती जमलेल्या तरुणांमधला सर्वांत तल्लख गणिती. १९३७ साली त्याने दाखवले की डिरॅकच्या समीकरणातून असाही कण निघू शकतो जो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल. पुढच्याच वर्षी, मार्च १९३८मध्ये, पालेर्मो ते नेपल्स या बोटीच्या प्रवासात तो बेपत्ता झाला तो कायमचाच. त्याच्याबद्दल कादंबरीसारख्या गोष्टी लिहिल्या गेल्या. त्याचा कण मात्र कुणालाच सापडला नव्हता.

२००१ साली अलेक्सेई किताएव या रशियन शास्त्रज्ञाने त्या कणाला निराळ्या जागी शोधायला सांगितले. अवकाशातून येणाऱ्या किरणांत नव्हे, तर एका तारेच्या टोकांवर. त्याचे गणित असे सांगत होते की विशिष्ट प्रकारच्या अतिसंवाहक तारेत एका इलेक्ट्रॉनची अवस्था दोन अर्ध्यांत विभागली जाते आणि ते अर्धे तारेच्या दोन टोकांना जाऊन बसतात. प्रत्येक अर्धा हा मायोरानाच्या कणासारखा वागतो आणि त्याची ऊर्जा नेमकी शून्य असते. देवस्थानच्या दानपेटीला दोन कुलपे लावून किल्ल्या दोन वेगळ्या विश्वस्तांकडे ठेवतात, तशी ही व्यवस्था आहे. एका टोकाला कितीही गडबड झाली तरी पेटीतले उघडे पडत नाही. ही सुरक्षितता तारेच्या घडणीतल्या बारीकसारीक तपशिलांवर अवलंबून नसते, तिच्या एकूण रचनेवर असते. म्हणून तिला टोपॉलॉजिकल म्हणतात. क्वांटम संगणक बनवणाऱ्यांना या एका गुणाचे वेड लागले, कारण त्यांची सगळी झुंज चालते ती बाहेरच्या गडबडीने माहिती पुसली जाण्याशी.

किताएवची तार कागदावरची होती. ती प्रत्यक्षात आणायची कृती २०१० साली दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दिली. एक गट मेरीलँड विद्यापीठाचा. तिथे रोमन लुचिन, जय साऊ आणि कोलकात्यात जन्मलेले शंकर दास सर्मा होते. दुसरा गट युवाल ओरेग, गिल रेफाएल आणि फेलिक्स फॉन ओपेन यांचा. कृतीतले जिन्नस चारच, आणि चारही प्रयोगशाळेत आधीपासून असलेले: अर्धसंवाहकाची बारीक तार, तिला चिकटवलेला साधा अतिसंवाहक, तारेच्या लांबीच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र आणि निरपेक्ष शून्याजवळचे तापमान. चुंबकीय क्षेत्र एका मर्यादेपलीकडे वाढवले की तारेच्या टोकांवर मायोराना उमटायला हवेत. कितीतरी मोठ्या भाकितांना इतकी सोपी कृती लाभत नाही. म्हणूनच सगळे त्यावर तुटून पडले.

पण टोकावर काही बसले आहे हे कळणार कसे? इथे एका जुन्या प्रयोगाकडे वळावे लागते. १९६० साली अमेरिकेत स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत इव्हार येव्हर हा नॉर्वेहून आलेला मेकॅनिकल इंजिनिअर काम करत होता. भौतिकशास्त्र तो संध्याकाळच्या वर्गांना जाऊन शिकत होता. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांना काही ऊर्जा निषिद्ध असतात, मध्ये एक फट असते, हे त्याने वर्गात ऐकले आणि मनात आले की ही फट तर व्होल्टमीटरनेच मोजता येईल. काचपट्टीवर ॲल्युमिनियमचा थर, त्यावर हवेत आपोआप धरणारा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा, त्यावर शिसे. पापुद्रा इतका पातळ की क्वांटम नियमांनुसार इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात. द्रव हेलियममध्ये शिसे अतिसंवाहक झाले आणि थोड्या व्होल्टेजला प्रवाह जवळपास थांबला. फटीपलीकडे गेल्यावर तो पुन्हा वाहू लागला. १९७३ साली या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थाच्या पोटात कोणत्या ऊर्जेला जागा आहे आणि कोणत्या ऊर्जेला नाही, हे साध्या प्रवाहावरून वाचायची विद्या तिथून सुरू झाली.

मायोरानाचा शोध याच विद्येने घ्यायचा होता. फटीच्या बरोबर मधोमध, शून्य ऊर्जेवर, एक जागा असेल तर शून्य व्होल्टेजला वाहकता वाढलेली दिसली पाहिजे. फटीच्या सपाट मैदानात एकच शिखर.

डेल्फ्टच्या प्रयोगात इंडियम अँटिमोनाइडच्या तारा होत्या. जाडी साधारण शंभर नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. त्या वाढवल्या होत्या आइंडहोवनला, एरिक बाकर्स यांच्या गटाने. एका बाजूला सोन्याचा साधा जोड, दुसऱ्या बाजूला नायोबियम टायटॅनियम नायट्राइड हा अतिसंवाहक आणि खाली बारीक धातूच्या पट्ट्यांचे गेट. गेटवर व्होल्टेज देऊन तारेत एक अडथळा उभा करायचा, हाच येव्हरचा पापुद्रा. सगळे डायल्यूशन रेफ्रिजरेटरमध्ये, निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या दशांशाहूनही कमी तापमानाला. मग व्होल्टेज काही मायक्रोव्होल्टच्या पावलांनी सरकवायचे, त्यावर अगदी लहानसे आंदोलन द्यायचे आणि त्या आंदोलनाला प्रवाह किती प्रतिसाद देतो ते पाहायचे. एक ओळ पुरी झाली की चुंबकीय क्षेत्र किंचित वाढवून दुसरी. रात्र रात्र चालणारे, चिकाटीचे काम. फ्रिज थंड असेपर्यंत आणि तारेचा मूड टिकेपर्यंत मोजत राहायचे. मूड हा शब्द इथे हौसेने वापरलेला नाही. अशा तारांजवळ अडकलेला एखादा इलेक्ट्रॉन अचानक जागा बदलतो आणि सगळा आलेख एका पावलाने सरकतो. याला भारउडी म्हणता येईल. तिची गाठ पुढे पडणार आहे.

शून्य क्षेत्राला मैदान सपाट होते. सुमारे शंभर मिलिटेस्लाला मध्यावर शिखर उगवले आणि क्षेत्र वाढवले तरी जागचे हलले नाही. क्षेत्राची दिशा फिरवून सिद्धान्तात वर्ज्य असलेल्या दिशेला नेली तेव्हा ते नाहीसे झाले. अतिसंवाहकाऐवजी साधा धातू लावला तर ते आलेच नाही. व्हिन्सेंट मौरिक, कुन झुओ, सर्गेई फ्रोलोव्ह आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध एप्रिल २०१२मध्ये ‘सायन्स’ने प्रसिद्ध केला. शीर्षकात त्यांनी शोध म्हटले नव्हते, खुणा म्हटले होते. त्याच वर्षी स्वीडनमधल्या लुंडहून आणि इस्रायलच्या वाइझमन संस्थेतूनही अशी शिखरे आली. वाइझमनच्या मोटी हायब्लूम यांच्या प्रयोगशाळेतल्या निबंधाचे पहिले लेखक होते अनिंद्य दास, जे आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत.

शिखरावर पहिल्या दिवसापासून दोन शंका होत्या. पहिली त्याच्या उंचीची. २००९ साली के. टी. लॉ, पॅट्रिक ली आणि टी. के. एन्ग यांनी दाखवले होते की खऱ्या मायोरानाच्या शिखराची उंची कोणत्याही तारेत, कोणत्याही अडथळ्याला एकच असली पाहिजे. कारण सुंदर आहे. तारेवर आलेला इलेक्ट्रॉन मायोरानाला भेटला की खात्रीने उलट्या भाराचा ‘होल’ होऊन परततो आणि जाताना दोन इलेक्ट्रॉनांचा भार अतिसंवाहकात सोडतो. म्हणून वाहकता येते इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग भागिले प्लांकचा स्थिरांक, याच्या नेमकी दुप्पट. रोधाच्या भाषेत सुमारे १२,९०६ ओहम. निसर्गाच्या दोन स्थिरांकांनी ठरवलेला आकडा, ज्यात तारेचे काहीच नाही. डेल्फ्टचे शिखर या आकड्याच्या जेमतेम पाच टक्के होते.

दुसरी शंका अधिक खोल होती. शून्यावर शिखर काढणारे इतरही आहेत. कोंडो परिणाम, म्हणजे अडकलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाला भोवतालचे इलेक्ट्रॉन देतात तो प्रतिसाद, हा एक. अडथळ्याच्या सौम्य उतारावर अडकणाऱ्या आंद्रेव्ह अवस्था हा दुसरा, आणि तो फार फसवा. त्या साध्या असतात, टोपॉलॉजीशी त्यांचा संबंध नसतो, पण चुंबकीय क्षेत्रात त्या शून्यावर येऊन बराच वेळ तिथे रेंगाळतात. २०१२ सालीच पीट ब्रॉवर आणि सहकाऱ्यांनी गणिताने हे मांडले होते. पानिपतानंतर काही वर्षांनी सदाशिवरावभाऊंचा तोतया पुढे आला, तेव्हा चेहरेपट्टी जुळते म्हणून कित्येकांनी त्याला भाऊसाहेब मानले. आंद्रेव्ह अवस्था हे मायोरानाचे तसे तोतये होते, आणि एका टोकाला लावलेला एक जोड फक्त चेहराच पाहू शकत होता.

मधल्या वर्षांत तारा सुधारल्या. २०१५च्या सुमारास कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत इंडियम आर्सेनाइडच्या तारेवर ॲल्युमिनियम अणूंच्या शिस्तीत जमवले गेले, आणि आधी गढूळ असलेली फट स्वच्छ झाली. मायक्रोसॉफ्टने कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे गणिती मायकेल फ्रीडमन यांच्या नेतृत्वाखाली टोपॉलॉजिकल संगणकाचा ध्यास आधीच घेतला होता. २०१६च्या अखेरीस कौवेनहोवेन त्या कंपनीत दाखल झाले. प्रयोगशाळेतले शिखर आता व्यवसायाच्या आराखड्यात जाऊन बसले. विज्ञानाच्या दृष्टीने यात गैर काही नाही, पण अपेक्षेचे वजन वाढते, आणि आलेखाकडे पाहणारे डोळे त्या वजनाखाली पाहत असतात.

२८ मार्च २०१८ रोजी ‘नेचर’मध्ये डेल्फ्टचा नवा निबंध आला. पहिले लेखक हाओ झांग. शीर्षकातच दावा होता: क्वांटित मायोराना वाहकता. शिखराची उंची नेमक्या त्या आकड्याला पोहोचते, गेटचे व्होल्टेज बदलले तरी तिथेच राहते, चुंबकीय क्षेत्र बदलले तरी तिथेच. पाच टक्क्यांवरून शंभर टक्के. उंचीची शंका फिटली असे वाटले, आणि तोतयांची शंकाही तिच्यासोबत विरली असे अनेकांनी मानले.

पिट्सबर्गला स्वतःची प्रयोगशाळा उभी केलेल्या फ्रोलोव्ह यांना आणि तोवर सिडनीला गेलेल्या मौरिक यांना मात्र ते आलेख खटकत राहिले. हे दोघे बाहेरचे टीकाकार नव्हते. २०१२चे पहिले शिखर त्यांच्याच हातचे होते. त्या तारा कशा वागतात, किती आलेख वाईट निघतात आणि एक चांगला निघतो, हे त्यांना बोटांनी माहीत होते. त्यांनी मूळ मोजणी मागितली. २०१९च्या अखेरीस ती मिळाली.

तिच्यात जे दिसले ते समजायला आलेख आणि मोजणी यांतला फरक लक्षात ठेवावा लागतो. मोजणी ही अखंड असते. गेटचे व्होल्टेज या टोकापासून त्या टोकापर्यंत, जे येईल ते. आलेख ही त्यातून कापलेली खिडकी. छापलेल्या खिडकीत शिखर ठरलेल्या आकड्यापाशी थांबलेले दिसत होते. खिडकीच्या बाहेर ते थांबत नव्हते, त्या आकड्याच्या वर चढत जात होते. एका मुख्य आकृतीत भारउड्यांसाठी दुरुस्त्या केल्या होत्या आणि वाचकाला ते सांगितलेले नव्हते. एका आकृतीच्या अक्षाची नोंद चुकीची होती. वाहकतेच्या मापनाचे अंशांकन नव्याने केल्यावर उंचीही बदलली. पूर्ण पल्ला मांडला की बिंदू त्रुटीच्या मर्यादेबाहेर पडत होते.

एप्रिल २०२०मध्ये ‘नेचर’ने वाचकांना सावध करणारी टीप जोडली. ८ मार्च २०२१ रोजी लेखकांनी निबंध मागे घेतला, वैज्ञानिक काटेकोरपणा अपुरा पडला अशी कबुली देऊन.

डेल्फ्ट विद्यापीठाने चौकशीसाठी बोलावलेल्या चार तज्ज्ञांची नावे या हकिगतीत थांबून वाचावीत अशी आहेत. पॅट्रिक ली: शिखराची नेमकी उंची सांगणारा सिद्धान्त त्यांचा. पीट ब्रॉवर: तोतयांचे गणित त्यांचे. डेव्हिड गोल्डहॅबर-गॉर्डन: १९९८ साली एकाच इलेक्ट्रॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये कोंडो परिणामाचे शिखर मोजणाऱ्या गटाचे प्रमुख नाव. आणि झुरिकचे क्लाउस एन्सलिन, ज्यांची हयात अशाच सूक्ष्म उपकरणांत प्रवाह मोजण्यात गेली. ज्यांनी या शिखराला जन्म दिला आणि ज्यांनी त्याच्यावर शंका घेतली, ते एकाच टेबलाभोवती बसले. हेतुपुरस्सर फसवणूक झाल्याचा पुरावा नाही, असे त्यांनी लिहिले. त्या क्षणाच्या उत्साहात लेखक वाहवत गेले आणि आशेला न जुळणारी माहिती त्यांच्या नजरेतून सुटली, असा त्यांच्या अहवालाचा सूर होता. दाव्याच्या विरोधात जाणारी माहिती छापली असती तर वाचकाचे मत वेगळे झाले असते, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले. फ्रोलोव्ह आणि मौरिक यांना हा निवाडा फार सौम्य वाटला, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. मागितल्याशिवाय मोजणी बाहेर आलीच नसती.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या गटाने उलट्या बाजूने प्रयोग मांडला. मायोराना नसलेल्या अवस्थाही त्या आकड्याच्या अगदी जवळची वाहकता देऊ शकतात, हे त्यांनी ‘नेचर फिजिक्स’मधल्या निबंधात दाखवले. गेट पुरेसे असले आणि शोधणाऱ्याला काय हवे ते आधीच माहीत असले, की तोतया हुबेहूब उंचीचाही मिळतो.

लागण एका तारेपुरती नव्हती. २०१७ साली कॅलिफोर्नियाहून ‘सायन्स’मध्ये एका वेगळ्या रचनेत, चुंबकीय टोपॉलॉजिकल पदार्थाच्या पापुद्र्यावर अतिसंवाहक ठेवून, मायोरानाची खूण म्हणून वाहकतेची अर्धी पायरी मोजल्याचा दावा आला होता. त्या निबंधाचे एक लेखक, सिद्धान्तकार शौचेंग झांग यांनी त्या कणाला देवदूत कण असे नाव दिले होते. २०२० साली पेन स्टेट विद्यापीठाच्या गटाने अशीच उपकरणे बनवली तेव्हा अर्धी पायरी साध्या विद्युत जोडणीतूनही येते असे दिसले. २०२२मध्ये तोही निबंध मागे गेला.

या पडझडीतून मोजण्याची पद्धत बदलली, आणि हा भाग बातम्यांत फारसा आला नाही. एका टोकाने पाहून भागत नसेल तर दोन्ही टोके एकाच वेळी पाहायची. तारेला तीन जोड द्यायचे: दोन टोकांना दोन, मध्ये जमिनीला जोडलेला अतिसंवाहक. डाव्या टोकाला व्होल्टेज द्यायचे आणि उजव्या टोकाला काय पोहोचते ते मोजायचे. आंद्रेव्हचा तोतया एकाच टोकाला बसलेला असतो, दुसऱ्या टोकाला त्याची खबर नसते. शिवाय खरे टोपॉलॉजिकल स्थित्यंतर होत असेल तर फट तारेच्या सबंध लांबीत आधी बंद होऊन मग पुन्हा उघडली पाहिजे, आणि हे बंद होणे आरपार जाणाऱ्या प्रवाहातच दिसते. डेल्फ्टच्याच अंतोन आखमेरोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये या मार्गाचे गणित मांडले होते.

मायक्रोसॉफ्टने त्यावर आपली चाचणी बांधली. चेतन नायक यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने २०२३ साली ‘फिजिकल रिव्ह्यू बी’मध्ये काही उपकरणे त्या चाचणीत उत्तीर्ण झाल्याचे प्रसिद्ध केले. फट २० ते ६० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि उत्तीर्ण ठरलेले उपकरण खोटे निघण्याची शक्यता आठ टक्क्यांहून कमी, असा त्यांचा हिशोब होता. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे हेन्री लेग यांनी या चाचणीलाच हात घातला. कोणत्या पल्ल्यातली मोजणी तिला दिली यावर तिचा निकाल बदलतो, असा त्यांचा आक्षेप आहे. कंपनीने तो नाकारला. पण वाद पुन्हा येऊन ठेपला तो खिडकीच्या कडांवरच.

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी कंपनीने ‘मायोराना १’ ही चिप जाहीर केली. त्याच दिवशी ‘नेचर’मध्ये आलेला निबंध तारेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या सम की विषम हे झटक्यात वाचण्याबद्दल होता. नियतकालिकाच्या संपादकांनी परीक्षण नोंदींमध्ये नमूद केले होते की या निकालांना मायोराना असल्याचा पुरावा मानू नये. महिनाभराने कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमला भौतिकशास्त्रज्ञांचे वार्षिक संमेलन भरले, आणि नायक व लेग दोघेही तिथे बोलले.

डेल्फ्टमध्ये तोवर वेगळीच वाट धरली गेली होती. लांब तारेत मायोराना आपोआप उमटायची वाट पाहण्याऐवजी किताएवची साखळी एकेक कडी जोडून बनवायची. फेब्रुवारी २०२३मध्ये ‘नेचर’ने छापलेल्या त्यांच्या प्रयोगात कड्या दोनच होत्या: दोन क्वांटम ठिपके, मध्ये अतिसंवाहकाचा तुकडा. ठिपक्यांना जोडणाऱ्या दोन्ही क्वांटम प्रक्रियांची ताकद गेटने बरोबर समान केली की त्या एका बिंदूवर दोन्ही ठिपक्यांत शून्यावर शिखर येते. दोन्ही ठिपक्यांची ऊर्जा एकत्र थोडी सरकवली की ते दुभंगते, हेही त्यांनी मोजून दाखवले. या अवस्थांना संशोधक ‘गरिबाचे मायोराना’ म्हणतात, कारण त्यांना टोपॉलॉजीचे कवच नाही. दावा लहान आहे आणि तो कुठे मोडतो हे त्याच निबंधात लिहिलेले आहे. २०२५मध्ये तिसरा ठिपका जोडला गेला, आणि शून्यावरचे शिखर आधीपेक्षा थोडा अधिक धक्का सोसू लागले.